पार्कात घर घेतलं म्हणे!

ऐकलंत का? आमच्या चुलत नणंदेच्या धाकट्याने पार्कात घर घेतलं म्हणे! पार्कात म्हणजे शिवाजी पार्कात. दादरला राहून 'कुठल्या पार्कात?' असं विचारणाऱ्याला सरळ कर्जतच्या गाडीत बसवून द्यावं. बातमी फुटली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वाण हातातच राहिलं, तिळगूळ तोंडातच राहिला. 'केवढ्याला?' हा प्रश्न प्रत्येकीच्या ओठांवर, पण विचारायचं कोणी? शेवटी ऐकू कमी येतं या सवलतीचा फायदा घेत एका मावशींनी खणखणीत आवाजात विचारून टाकलं. उत्तर आलं: आठ कोटी. दोन बेडरूमचे. कुणी कपाळाला हात लावला, कुणी 'अगबाई!' म्हणालं, आणि दुसऱ्याच क्षणी चौघींनी एकदम विचारलं, "कार्पेट किती?"

बघा म्हणजे! त्या खोलीत एकीकडेही आठ कोटी नव्हते. आठ लाखही मोडायचे तर एफडीची मुदत बघावी लागली असती. पण पार्कातला फुटाचा भाव सगळ्यांना तोंडपाठ. कुठल्या गल्लीत कोणती बिल्डिंग पाडली, कुणाला किती एरिया जास्त मिळाला, कुठल्या टॉवरची ओसी अडकली आहे, सगळं पाढ्यांसारखं घडाघडा. पार्कात घर घेणारे बोटांवर मोजण्याइतके; त्या घरांची चौकशी करणारं मात्र माहीमपासून प्रभादेवीपर्यंत अख्खं गाव. घर परवडत नाही, चर्चा परवडते. चर्चेला स्टॅम्प ड्यूटी लागत नाही.

तर आपणही हिशेब मांडू. आपल्या बापाचं काय जातं? मैदानासमोरच्या नव्या इमारतींत हल्ली लाख रुपये चौरस फुटाची भाषा चालते. आठशे फूट कार्पेट, आठ कोटी झाले. आता तीन फूट बाय तीन फुटांचा कॅरम बोर्ड जमिनीवर ठेवला की नऊ लाखांची जागा अडली. आजोबांची आरामखुर्ची घ्या. दोन फूट रुंद, चार फूट लांब. नुसते टेकले तर आठ लाख, आणि जेवणानंतर पाय लांब केले की आणखी चार. अशा घरात आजोबांनी पाय लांब करावेत की नाहीत, हे त्यांचं त्यांनीच ठरवायचं. बरं, रेराच्या व्याख्येप्रमाणे आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्येच धरतात. त्यामुळे कॅलेंडरसाठी खिळा ठोकताना सांभाळून. तो आपल्याच पैशात घुसतोय.

सरकारचा नैवेद्य वेगळा. बांधकाम सुरू असतानाच बुक केलेलं घर, म्हणून 5 टक्के जीएसटी: 40 लाख. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून 6 टक्के: 48 लाख. नोंदणी फी मात्र 30 हजारांवर थांबते. तेवढीच काय ती जनाची नाही तर मनाची. म्हणजे दाराला तोरण लागायच्या आधी 88 लाख गेले. तेवढ्यात डोंबिवलीला बऱ्यापैकी घर आलं असतं आणि उरलेल्या पैशांत वास्तुशांतीला केटररही सांगता आला असता.

आता खरी गंमत ऐका. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत मिळते. आठ कोटींवर झाले आठ लाख. नणंदेच्या धाकट्याने लग्नानंतर बायकोच्या नावावर स्कूटरसुद्धा केली नव्हती. आता एकदम पार्कातला फ्लॅट! सवलत हवी तर खरेदीखतात पुरुषाचं नाव चालत नाही. हप्ते याने भरायचे, इंडेक्स टूवर नाव तिचं. आठ कोटींचा आकडा नणंदबाईंनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळला होता. या आठ लाखांनी मात्र त्यांचं बीपी वाढवलं.

आणि पैसे आले कुठून? हा प्रश्न तर विचारायचाच नसतो, नुसता सोडायचा असतो. 'अमेरिकेत होता ना दहा वर्षं.' 'कंपनीचे शेअर मिळाले म्हणे.' 'सासऱ्यांचं काहीतरी असेल.' मग पदर सावरत एकीने हळूच सांगितलं की ठाण्याचा फ्लॅट विकला, गावची आंब्याची कलमंही विकली. हे ऐकून सगळ्यांना जरा बरं वाटलं. माणसाने फार सुखासुखी श्रीमंत होऊ नये; शेजारपाजारच्यांना त्रास होतो.

पण घर पार्कात म्हणजे नक्की कुठे? मूळचं शिवाजी पार्क म्हणजे ते मैदान, भोवतीचा रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या, पलीकडे कॅडल रोड, ज्याला पत्त्यात वीर सावरकर मार्ग लिहितात आणि टॅक्सीवाल्याला कॅडल रोडच सांगतात, त्यापलीकडे समुद्र. जाहिरातींतलं पार्क मात्र दरवर्षी वाढतंय. माहीमच्या शितळादेवीपर्यंत ते केव्हाच जाऊन बसलं. इकडे सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहिलात तरी 'शिवाजी पार्कला लागूनच' असा फ्लॅट दाखवणारा भेटेल. ज्या शहरात लोअर परळचं अप्पर वरळी झालं आणि वडाळ्याला न्यू कफ परेड उगवली, तिथे हे चालायचंच. रूळ ओलांडून पार्क अजून पूर्वेला गेलेलं नाही, कारण हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीवाल्यांना स्वतःचाच ताठा पुरेसा आहे.

जाणकार माणूस म्हणूनच पत्ता विचारत नाही, पिनकोड विचारतो. 400028 म्हटलं की मान डोलते. 400016 निघाला की 'अच्छा, माहीमकडे होय!' असा सूर लागतो. आणि 400025 म्हणजे प्रभादेवी कळलं की अतिशय प्रेमाने सांगतात, 'तेही छान आहे हो.' घेणाऱ्याचे सहा-सात कोटी त्या एका 'तेही'मध्ये बुडतात.

ब्रोकर लोकांची परिभाषा तर वहीत उतरवून ठेवण्यासारखी. 'पार्क फेसिंग' म्हणजे हॉलमधल्या सोफ्यावरून मैदान दिसतं. 'पार्क व्ह्यू' म्हणजे बेडरूमच्या खिडकीतून मान बाहेर काढली की दिसतं. 'पार्शल व्ह्यू' म्हणजे समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईपर्यंत दिसतं. आणि 'पार्क टच' म्हणजे दिसत नाही, पण चालत पाच मिनिटं. प्रत्येक पायरीला भाव उतरतो, ब्रोकरचा आवाज चढतो. शेवटी तो खिडकीचा पडदा सर्रकन सरकवतो आणि ठेवणीतलं वाक्य काढतो, "सर, इसी ग्राउंड पे सचिन खेला है!" जणू सचिनने मारलेला तो चेंडू अजून हवेतच आहे आणि आपल्याच बाल्कनीत पडणार आहे. आचरेकर सरांच्या नेटमध्ये येणारी बहुतेक पोरं लोकलच्या गर्दीत किटची बॅग सांभाळत यायची. त्यांच्या बापांना पार्क फेसिंग म्हणजे काय ते ठाऊकही नसेल.

मैदानाचं म्हणाल तर ते कुणी बंगलेवाल्यांसाठी केलेलं नव्हतं. 1925 साली मुंबई महापालिकेने सुमारे 28 एकरांवर ते लोकांना खुलं केलं तेव्हा नाव होतं माहीम पार्क. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. तेव्हापासून तिथे कोण नाही आलं? क्रिकेट आलं, मल्लखांब आला, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या, बंगाली मंडळींची दुर्गापूजा आली, 1966 साली पहिला दसरा मेळावा झाला. कट्ट्यावर तर काय, निवृत्त कारकुनापासून प्रेमात पडलेल्या कॉलेजकुमारापर्यंत सगळ्यांचा सारखाच हक्क. कट्ट्याला कार्पेट एरिया नाही.

आणि इथेच आमच्या नवश्रीमंतांची पंचाईत होते. त्यांनी पैसे मोजले व्ह्यूचे. मैदान मिळालं नाही. ते आपलं सगळ्यांचंच राहिलं. दिवाळीत रोषणाई बघायला परळ-लालबागपासून माणसं येतात, मोबाइल उंचावून फोटो काढतात, आणि आठ कोटींच्या घरवाल्यांच्या गाडीला आपल्याच गेटात शिरायला पाऊण तास लागतो. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं बायकामुलांसह तासन्‌तास रांगेत उभी राहतात, पार्कात लागलेल्या स्टॉलवरून पुस्तकं विकत घेऊन पिशव्या भरून नेतात. आणि वरच्या मजल्यावरचं एखादं कुटुंब त्या दिवशी 'फार गर्दी असते हो' म्हणून लोणावळ्याला! यांना पार्क व्ह्यू हवा, पण व्ह्यूमध्ये माणसं नकोत. 2010 मध्ये हायकोर्टाने पार्काला शांतता क्षेत्र ठरवलं. त्याने लाऊडस्पीकर आटोक्यात आले, लोक आटोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

धूळ मात्र कोर्टालाही आटोपत नाही. मैदानावरची लाल माती थंडी सुरू झाली की वाऱ्यावर स्वार होते आणि थेट दिवाणखान्यात येते. गेली कित्येक वर्षं पार्कवासी तक्रारी करताहेत. पाणी मारून झालं, गवत लावून झालं, तज्ज्ञ येऊन गेले. इटालियन मार्बलवर सकाळी फडकं मारलं की ते गेरूत बुडवल्यासारखं निघतं. नणंदेची सून म्हणाली, "आमच्या खिडक्या कायम बंदच असतात, एसी लावतो." म्हणजे समुद्राचा वारा आणि पार्काचा देखावा यांसाठी आठ कोटी दिले, आणि आता दोन्ही काचेपलीकडे ठेवून विजेचं बिल भरतात. मी काही बोलले नाही. फक्त पियूष मागितलं.

नवी इमारतही बघून आले हो, उगाच कशाला खोटं बोलू? पूर्वीच्या पार्कातल्या इमारती म्हणजे तीन-चार मजले, गोलाकार गॅलऱ्या, रंगीत मोझॅकच्या लाद्या, जिन्याला गुळगुळीत झालेला लाकडी कठडा. खालून हाक मारली की वरून रुमालात गुंडाळलेली किल्ली पडायची. आता आधी पार्किंगचे मजले सुरू होतात. पहिला, दुसरा, तिसरा, सगळीकडे गाड्याच राहतात. माणसांची वस्ती सातव्यापासून. खालून हाक मारायची तर शंखच फुंकायला हवा. गेटवरच्या वॉचमनने नाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला, फोटो काढला, मग म्हणाला, "ओटीपी बताइए." भाचेसुनेने ओटीपी पाठवेपर्यंत मी चिवड्याचा डबा घेऊन उन्हात उभी. वर गेल्यावर कळलं की गाडीही यांना सहज मिळत नाही. ती यांत्रिक पाळण्यातून खाली यायला दहा मिनिटं लागतात. डॉक्टरची वेळ घ्यावी तशी गाडीची वेळ घ्यायची.

आणि हे तर ऐकाच! स्वयंपाकघरात मी सहज विचारलं, "काय गं, बोंबील मिळतात ना चांगले?" तर ती आवाज खाली आणून म्हणते, "मिळतात हो, पण शेजारच्यांना वास चालत नाही." दादरात! सिटीलाइटच्या बाजारात जिथे सकाळी पापलेटावरून घासाघीस चालते, तिथून चालत दहा मिनिटांवर! तिने म्हणे बोंबील आईकडे जाऊन खायचे ठरवले आहेत. आई राहते भांडुपला, वन बीएचकेमध्ये. तिथे वासाला मोकळीक आहे.

आता तुम्ही म्हणाल, बघा, बाहेरच्यांनी येऊन पार्काची कशी वाट लावली. म्हणा, म्हणा, हळदीकुंकवालाही सगळ्या हेच म्हणाल्या. पण मला सांगा, विकलं कुणी? जिभा चावू नका. आपणच.

2012 साली महापालिकेच्या वारसा यादीच्या मसुद्यात शिवाजी पार्कचा परिसर आला. बाहेरच्या माणसाला वाटेल, पार्ककरांनी पेढे वाटले असतील. छे! सगळ्यात मोठा विरोध रहिवाशांचाच. वारसा ठरलो तर इमारत पाडायची कशी, उंची वाढवायची कशी, जास्तीची जागा मिळायची कशी? एरवी 'आमच्या वेळचं पार्क' म्हणून गळा काढणारे काका त्या वेळी 'वारसा नको, विकास हवा' म्हणत पुढे होते. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. घरमालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला सोडवेना. सज्जे गळायला लागले, सळ्या बाहेर आल्या. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून चढणाऱ्या बाईला आर्ट डेको गॅलरीचं कौतुक किती दिवस पुरणार?

पण रिडेव्हलपमेंटच्या सभेची गंमत बघायला हवी. ज्या सोसायटीची वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब करून मग चहा-वेफर्सवर उरकायची वेळ यायची, तिथे आता उभं राहायला जागा नाही. 2019 च्या शासन निर्णयानुसार 51 टक्के सभासदांची संमती पुरते. त्यामुळे एक्कावन्नावा टक्का पुरा करणाऱ्या सभासदाला अचानक जावयाचा मान येतो. त्याला पार्किंग दोन हवी, मजला वरचा हवा, वास्तुशास्त्राप्रमाणे दार पूर्वेला हवं. बिल्डर सगळ्याला 'हो जाएगा' म्हणतो. पस्तीस टक्के जास्त एरिया, दरमहा भाडं, सामान हलवायचा खर्च, वर एकरकमी कॉर्पस. कॉर्पस हा शब्द ऐकून आमच्या ओळखीतले एक नाना पहिल्यांदा दचकले होते. त्यांना तो इंग्रजी कादंबरीतल्या खुनाचा प्रकार वाटला.

नानांचा तो दचका तितकासा चुकीचाही नव्हता. टॉवर उभा राहिला, नाना नव्या घरात आले, पेढे वाटले. मग पहिलं मेंटेनन्सचं बिल आलं. जुन्या इमारतीत महिन्याला दोन हजार भरणाऱ्या नानांना आता लिफ्टचे, जनरेटरचे, जिमचे, कधी पाय न ठेवलेल्या स्विमिंग पूलचे मिळून पंधरा-वीस हजार. कॉर्पसचं व्याज त्यातच जातं आणि पेन्शनला हात लागतो. कागदावर नाना कोट्यधीश. घरात एसी लावताना घड्याळाकडे बघतात. शेवटी मुलगा न्यू जर्सीहून फोनवर म्हणतो, "बाबा, विकून टाका, पुण्याला या घराच्या किमतीत तीन घरं येतील." नाना विकतात, कोथरूडला जातात आणि तिथल्या कट्ट्यावर पार्काच्या आजच्या भावाची चर्चा करतात. त्यांच्या जागी पार्कात कोण आलं? आमच्या नणंदेच्या धाकट्यासारखं कुणीतरी. अहो, खुद्द महापौरांनासुद्धा पार्कात राहता आलं नाही. समुद्रासमोरचा त्यांचा बंगला बाळासाहेब ठाकरे स्मारकासाठी दिला गेला आणि महापौर राणीच्या बागेत राहायला गेले. तिथे शेजारी वाघ आहे, पण तो मेंटेनन्स मागत नाही.

पार्काचा भाव चढल्यावर नात्यांचाही चढतो. तीस वर्षं पुण्याहून राखी पोस्टाने पाठवणारी बहीण आता जातीने हजर होते, आणि जुन्या घराच्या चौकटीवरून हात फिरवताना तिला भरून येतं. भाऊ म्हणतो, नॉमिनी मी आहे. मेहुणे हळूच घसा खाकरतात: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मुलीचाही हिस्सा मुलाइतकाच. ते वकील नाहीत. एवढा कायदा हल्ली पार्कातल्या प्रत्येक जावयाला येतो.

आणि लग्नाच्या बाजाराचं तर विचारूच नका. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्ममध्ये पूर्वी शिक्षण, पगार, पत्रिका असायची. आता मुलाकडचे ठळक अक्षरांत लिहितात: 'स्वतःचं घर, शिवाजी पार्क, इमारत पुनर्विकासात.' मुलगा बेचाळिशीचा असो, केस मागे हटलेले असोत, 'पुनर्विकासात' या एका शब्दाने पत्रिकेतला मंगळ सौम्य होतो. पण मुलीही आता काही कच्च्या गुरूच्या चेल्या राहिलेल्या नाहीत. परवा एका कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाच्या आईने कौतुकाने 'आमचं पार्कातलं घर' असं सुरू केलं, तर मुलीने पोह्यांवर लिंबू पिळता पिळता शांतपणे विचारलं, "सीसी पूर्ण आली आहे, की फक्त प्लिंथपर्यंत? आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव कुणाचं आहे?"

मुलाची आई तेव्हापासून दादरभर सांगत सुटली आहे, 'अगबाई, केवढी व्यवहारी मुलगी!' मुलाच्या वडिलांनी मात्र त्याच संध्याकाळी होकार कळवून टाकला. म्हणाले, "मुलाचं नंतर बघू. आधी तिला आमच्या पुनर्विकास समितीवर घ्या."